पांढरी पेस्ट

"जेल नको. पांढरी पाहिजे, साधी," संग्राम म्हणाला. मी बेसिनवरची पेस्ट आणून दिली तर त्याने झाकण काढून आधी तिचा वास घेतला. "हां, ही चालेल. आता एक बटाटा आण. मधोमध कापून."

"बटाटा कशाला?"

"काच पुसायला," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. काच बटाट्याने पुसतात एवढंही जिला ठाऊक नाही तिच्याबरोबर आपल्याला जन्म काढायचा आहे, या विचाराने त्याला जरा वाईट वाटलं असावं.

तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणत होते. आता इतक्या वर्षांनी 'तो' म्हणते, आणि तेही भिडेखातर.

खंडेनवमीची सकाळ होती. मिरजेतल्या आमच्या घरासमोरच्या फरशीवर आईची पांढरी गाडी उभी होती. साखरपुडा श्रावणात झाला होता, लग्न मार्गशीर्षात होतं, आणि मधल्या दसऱ्याला जावयाला बोलवायचं म्हणून पप्पांनी संग्रामला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. तो आला, चहा प्यायला, बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, ही गाडी मला द्या. दुपारपर्यंत ओळखू येणार नाही."

पप्पांना वाटलं, केवढा हा मुलगा गुणी! जावई म्हणून आला आणि बादली मागतो! ते स्वतःच बादली घेऊन हौदावर पळाले. उभ्या आयुष्यात घरात पाण्याचा तांब्या स्वतः न भरलेला माझा बाप त्या सकाळी बादल्यांवर बादल्या ओढत होता, आणि वर हसत होता.

गाडी धुण्याला माझी हरकत नव्हती. दर खंडेनवमीला ती धुतली जायचीच. त्या दिवशी ज्याने त्याने आपापलं हत्यार पुजायचं. सुताराने करवत, शिंप्याने मशीन, डॉक्टराने काय पुजायचं ते त्याचं त्याला माहीत. माझ्या आईचं हत्यार म्हणजे ही गाडी. तिच्या पुढच्या दोन्ही दारांवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, 'सुलभा मोटार ट्रेनिंग स्कूल', आणि खाली जरा लहान अक्षरांत, 'फक्त महिलांसाठी'. डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले होते. शिकणारी चुकली की आई तिच्या बाजूने ब्रेक दाबायची आणि मग तोंड सोडायची. "सरळ घे! वाकडं चाललंय तुझं. रस्ता काय आंदण मिळालाय?" स्टेशनपासून बायपासपर्यंत तिचा आवाज ओळखत नाही असा माणूस गावात नव्हता. गावातल्या गाडी चालवणाऱ्या अर्ध्या बायका आईच्या शिव्या खाऊन तयार झालेल्या, आणि त्यांनी एक रीतच पाडली होती: जिला लायसन मिळालं तिने खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार आणायचा. अकराच्या सुमाराला त्या येऊ लागायच्या आणि दुपारपर्यंत गाडीची काचसुद्धा दिसेनाशी व्हायची.

पण साखरपुड्यापासून आईचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. संग्राम बोलला की ती मान डोलवायची. संग्राम भात नको म्हणाला की घरात कुणालाच भात नको असायचा. मी एकदा म्हटलं, "आई, मला तो माणूस शहाणा वाटत नाही गं." तर ती म्हणाली, "नवरे शहाणे असतात असं तुला कुणी सांगितलं? निर्व्यसनी हाय, नोकरी हाय, आणि काय पायजे?" नुसता वेडेपणा हे काही लग्न मोडायचं कारण होत नाही. मी रोज एखादं चांगलं, भक्कम कारण शोधत होते आणि तो दर भेटीत नुसताच वेडेपणा करत होता. मार्गशीर्ष जवळ येत चालला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

तर त्या सकाळी त्याने हेडलाइटला पेस्ट फासली. आमच्या दातांसाठी आणलेली जवळजवळ नवी पेस्ट. जुन्या गंजीफ्रॉकने गोल गोल घासत तो मला सांगत होता, "यात बारीक कण असतात. पिवळेपणा जातो. सर्व्हिस सेंटरवाले लुटतात नुसते. सगळं आपल्या स्वयंपाकघरात असतं, पण आपल्या बायकांना माहीतच नसतं."

हेडलाइट चमकले, हे कबूल. मी म्हटलं, "छान निघाले."

ते म्हणायला नको होतं. एवढ्याशा शाबासकीवर माणूस किती फुगावा! त्यानंतर आमचं स्वयंपाकघर तासाभरात बाहेर फरशीवर आलं. खाण्याचा सोडा सीटवर भुरभुरला, वास जावा म्हणून. माझा शाम्पू बादलीत गेला. खोबरेल तेल डॅशबोर्डवर असं चोळलं की बारशाच्या बाळासारखा तो तुकतुकीत झाला. आता उन्हात त्यावर धूळ बसून त्याचं थालीपीठ होणार हे मला दिसत होतं, पण सांगणार कुणाला? "व्हिनेगर आण," तो म्हणाला. मी म्हटलं, नाहीये. "व्हिनेगर नाही?" आणि त्याने पप्पांकडे असं पाहिलं, जणू घरात पिण्याचं पाणी नाही. पप्पा ओशाळून म्हणाले, "आणतो की उद्या."

मग त्याची नजर ओसरीवरच्या परातीकडे गेली. तिथे पूजेची तयारी होती: हळदीकुंकू, नारळ, झेंडू आणि चाकांखाली ठेवायची चार लिंबं. मी अडवीपर्यंत त्याने सुरी घेतली आणि चारही लिंबं कापली.

"अहो, ती चाकाखालची होती!"

"व्हीलकॅपला लावू. सायट्रिक ॲसिड असतं यात. चाकाखाली चिरडून काय मिळणार? आम्ही पुण्यात असलं काही मानत नाही."

हे बोलताना त्याच्या मनगटात लाल गंडा होता आणि बोटांत पुष्कराजाबरोबर आणखी कसलासा खडा. मी त्या बोटांकडे पाहत राहिले. त्याला वाटलं, मी साखरपुड्याची अंगठी पाहतेय. तो हसला.

स्वयंपाकघरात आई पुरण वाटत होती. मी जाऊन म्हटलं, "त्यांनी लिंबं कापली."

"कापू दे," ती मान वर न करता म्हणाली. "दुसरी आणू."

"एरवी तू सुरी हिसकावली असतीस."

"एरवी जावई नव्हता घरात." पाटा थांबला. "पोरी, तुझ्या लग्नापर्यंत मला भांडायला लावू नको बघ. एवढं कर माझ्यासाठी."

मी बाहेर आले. संग्राम गाडीत वाकून खालचे पेडल पुसत होता. "हे डावीकडचे जादा पेडल काढता येतात ना?" त्याने विचारलं.

"कशाला काढायचे? ते आईच्या पायाखालचे आहेत."

"हो, पण लग्नात नवरी या गाडीतून हॉलवर येणार. फोटोत ते बरं दिसतं का?"

आता फोटोत नवरीच्या पायाखालचे पेडल कोण बघणार? पण मी वाद घातला नाही. वेड्याशी वाद घालताना आपणही थोडे वेडे दिसतो, आणि गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या.

"तुझ्याकडे नेलपॉलिश काढायचं ते असेल ना?" त्याने विचारलं. "डांबराचे ठिपके आहेत खाली. त्याने पटकन निघतात. आणि थोडं रॉकेल."

साखरपुड्याच्या खरेदीतली ती बाटली माझ्या कपाटात होती. मी ती आणून दिली, रॉकेलची बाटलीही दिली, आणि आत जाऊन पुरणपोळ्या लाटायला आईजवळ बसले. बाहेरून त्याचं शीळ घालणं ऐकू येत होतं. मधूनच पप्पा हसत होते. आईचं तोंड बंद होतं आणि पोळपाटावर तिचं लाटणं तेवढं बोलत होतं. माणूस घरात नुसता दोन दिवसांचा पाहुणा असला तरी आपली आई एवढी गप्प होते, तर पुढे कसं व्हायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता.

पोळ्या संपत आल्या तेव्हा तो उग्र वास आत आला. डांबराच्या चार ठिपक्यांना एवढा वास कशाला? मी हात न धुताच बाहेर गेले.

गाडीच्या फाटकाकडच्या दारापाशी संग्राम उकिडवा बसला होता आणि कापसाच्या बोळ्याने घासत होता. बोळा निळा झाला होता. दारावर 'महिलांसाठी'तला शेवटचा 'ठी' तेवढा राहिला होता. बाकी सगळं गेलं होतं. जिथे नाव होतं तिथला पांढरा रंगही खरवडून निघून मळकट झाला होता, चकाकी उडालेली, खडूसारखी.

"हे काय केलंत?"

"थांब, एकच अक्षर राहिलंय," तो म्हणाला, आणि तोही घासला. "पलीकडचं आधीच उरकलं. बघ किती स्वच्छ वाटतंय! आता ही गाडी घरची वाटते."

मी पलीकडे गेले. तिथलं नावही नव्हतं. आम्ही आत पोळ्या लाटत होतो तोवर त्याने हे सगळं शीळ घालत केलं होतं. हेडलाइट, बटाटा, लिंबं, सगळा तमाशा या एका कामासाठी होता. आणि मी त्याला वेडा समजत होते! वेडा म्हणून सोडून द्यावं एवढीही त्याची लायकी नव्हती.

"पप्पा," मी म्हटलं, "तुम्ही इथे होता ना?"

पप्पांनी रिकामी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यांनी मला विचारलं होतं, अनुजा. कालच फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, तुमच्या मनाला येईल तसं."

"आईला विचारलं?"

"तिला काय विचारायचं त्यात?" पप्पा म्हणाले. वाईट याचं वाटलं, की त्यांनी हे तावातावाने म्हटलं नाही. अगदी साधेपणाने म्हटलं.

आई पदराला हात पुसत दारात आली. तिने पाहिलं. मला वाटलं, आता आवाज येणार, बायपासपर्यंत जाणारा. आता याला पळता भुई थोडी होणार. पण ती पायरीवर उभी राहिली आणि बराच वेळ त्या खडूसारख्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ऊन चढलं. सगळ्यांनी सरबत घ्या."

'फक्त महिलांसाठी' हे तिने स्वतः लिहून घेतलं होतं. मी शाळेत असताना ती गावातल्या एका मोटार स्कूलमध्ये गाडी शिकायला जायची. तिथला शिकवणारा गिअर दाखवायच्या निमित्ताने तिच्या हातावर हात ठेवायचा आणि उचलायचा नाही. एके दिवशी तिने भर रस्त्यात गाडी थांबवली, त्याला उतरवलं, आणि गाडी कशीबशी एकटीने परत नेऊन त्याच्या मालकाच्या दारात लावली. "मला येतंय आता," एवढंच सांगून आली. मग पाटल्या मोडून ही गाडी घेतली. पप्पा तेव्हा म्हणाले होते, लोक हसतील. हसले. नंतर त्याच लोकांच्या सुना हार घेऊन यायला लागल्या. ती दुसरी ओळ रंगवणाऱ्या रंगाऱ्याला आईने विचारलं होतं, "मोठी का नाही काढत?" तो म्हणाला, "जागा नाही, मॅडम." आई म्हणाली, "लहान तर लहान. पण असू दे."

ती ओळ आता निळ्या बोळ्यात होती.

"काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," संग्राम म्हणाला. त्याने हात झटकले. त्याला आता जरा मोकळं वाटत असावं. "आमच्याकडे चार लोक येतात, विचारतात, सासूबाई काय करतात? काय सांगायचं? आणि तुमचंही वय झालं. उन्हातान्हात कुठल्या कुठल्या बायकांना घेऊन फिरायचं. आता आराम करा. मुलगी मार्गी लागली. अजून काय पाहिजे माणसाला?"

आई बघत होती माझ्याकडे. त्याच्याकडे नव्हे, पप्पांकडेही नव्हे. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि ती गप्प राहण्याची होती. तुझ्या लग्नापर्यंत मला भांडायला लावू नको. एवढं कर माझ्यासाठी.

तेवढ्यात फाटक वाजलं. रेहाना भाभी आली होती, हातात झेंडूचा हार. आईची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतःची व्हॅन चालवून शाळेची पोरं ने-आण करायची. तिच्या मागे आणखी दोघीतिघी होत्या, प्रत्येकीच्या हातात हार. रेहाना भाभी हसत आत आली आणि गाडीपाशी थबकली.

"मॅडम, नाव कुठं गेलं?" ती म्हणाली. "गाडी विकली काय? का शाळा बंद केली?"

आईने तोंड उघडलं. पण संग्राम आधी बोलला.

"हो, बंद केली," तो म्हणाला. आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं त्याने. "काकू आता आराम करणार."

रेहाना भाभीने हातातला हार बघितला, तो कुठे ठेवावा हे न कळून. तिने आईकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं काय, मॅडम?"

आणि माझी आई, जिने भर रस्त्यात शिकवणाऱ्याला गाडीतून उतरवलं होतं, ती मूग गिळून उभी राहिली. माझ्या लग्नासाठी. त्या माणसाशी माझं लग्न व्हावं म्हणून.

मला इतका संताप आला, आणि इतकी शिसारी आली, की मी रडले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. मी रडले नाही. मी आत गेले, परातीतला कुंकवाचा करंडा उचलला, एका वाटीत सगळं कुंकू ओतलं, त्यात खोबरेल तेल घातलं (बाटलीत त्याने थोडं शिल्लक ठेवलं होतं, एवढा त्याचा उपकार), आणि बाहेर येऊन फाटकाकडच्या दारापुढे गुडघ्यांवर बसले. दोन बोटं वाटीत बुडवली आणि लिहायला सुरुवात केली.

'सु' काढला. 'ल' काढला.

"अनुजा, हे काय?" संग्राम म्हणाला. "डाग पडेल."

"पडू दे."

"अगं, तो रंग मी आताच साफ केलाय. तेल आत शिरेल. निघणार नाही मग."

"तेच म्हणते मी."

"काका, तुम्ही सांगा तिला," तो म्हणाला. पप्पा म्हणाले, "अनुजा, पोरी, अगं..." आणि पुढे त्यांना काही सुचेना. आयुष्यात कधी सुचलं नव्हतं, तेव्हाच कुठून सुचणार?

'सुलभा' झालं. मी 'मोटार' सुरू केलं. ओळ खाली उतरत चालली होती, हे मला दिसत होतं, पण थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं.

"हे बघ," संग्राम आता वरच्या पट्टीत बोलायला लागला, कारण बायका बघत होत्या. "मी एवढ्या लांबून आलो, सकाळपासून राबतोय, पाठ मोडली माझी, आणि तू सगळ्यांसमोर हा तमाशा? आमच्या घरी असलं चालणार नाही. निकमांच्या सुनेची आई ड्रायव्हर, हे मी माझ्या वडिलांना काय सांगणार आहे?"

मी बोट वाटीत बुडवलं. "तुमच्या वडिलांना सांगा, निकमांची सून शोधावी लागेल. ही मिळत नाही."

"गाडी धुतली म्हणून लग्न मोडणार तू? गाडी धुतली म्हणून? लोक हसतील."

"हसू देत. त्यांची सवय आहे आम्हाला."

तो आईकडे वळला. "काकू, तुम्ही तरी शहाण्या आहात. सांगा हिला."

मी लिहायचं थांबवलं नाही, पण माझे कान तिकडेच होते. मला वाटलं, आता ती मला नावाने हाक मारेल आणि म्हणेल, ऊठ. ती तसं म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

"सरळ घे," आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती पायरीवरून खाली उतरली होती. हाताची घडी, मान जरा वाकडी, डोळे बारीक; डाव्या सीटवर बसायची तशी उभी होती.

"सरळ घे की! वाकडं चाललंय तुझं," ती ओरडली, आणि त्या आवाजाने समोरच्या घरातल्या खिडकीत माणसं आली. "आणि दाबून लिही. एवढं पुसट कुणाला दिसणार हाय?"

रेहाना भाभी मोठ्याने हसली. मग सगळ्याच हसल्या. मी खाली वाकले आणि दाबून लिहिलं. जागा पुरेना तेव्हा दुसरी ओळ कडेला खाली वळवली, पण पुरी केली. 'फक्त महिलांसाठी.'

मग उठून अंगठी काढली. बोटं कुंकवाने आणि तेलाने माखलेली, त्यामुळे ती अगदी सहज निघाली. कापलेल्या लिंबांची साल ज्या वाटीत होती त्या वाटीत मी अंगठी ठेवली, आणि वाटी त्याच्या हातात दिली. मग पायरीवरची पेस्ट उचलून तीही दिली.

"ही घेऊन जा. अर्धी शिल्लक आहे."

त्याने ती घेतली. हे मला अजून आठवलं की हसू येतं. एवढ्या रागात, एवढ्या अपमानात, त्या माणसाने ती पेस्ट खिशात घातली आणि मग बॅग आणायला आत गेला.

पप्पा त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले, काहीबाही बोलत. परत आले ते सरळ आपल्या खोलीत. तोवर आईने पूजेला सुरुवात केली होती. गाडीला हळदीकुंकू लावायचं तर कुंकू संपलेलं. तिने माझ्या बोटांचं घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढलं. लिंबं नव्हती. "मग चाकाखाली काय ठेवायचं?" मी विचारलं.

आईने इकडेतिकडे पाहिलं. फरशीवर काच पुसलेले बटाट्याचे अर्धे तुकडे पडले होते. तिने ते उचलले, दोन पुढच्या चाकांखाली ठेवले, स्वतः गाडीत बसली आणि गाडी पुढे घेतली. बटाटे सपाट झाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि हार घालायला पुढे झाल्या.

पुढे फार काही घडलं नाही. पप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग विसरले. माझी मावशी आजही कुणीही भेटलं की सांगते, "गाडी धुतली म्हणून पोरीने लग्न मोडलं." मी ते कधी खोडून काढत नाही. त्या माणसावर त्याहून जास्त शब्द कशाला खर्चायचे?

दिवाळीआधी आईने रंगारी बोलावला, पहिला जो होता तोच. पलीकडच्या दारावर त्याने पट्टी धरून नाव पूर्वीसारखं काढलं. मग तो फाटकाकडच्या दाराशी आला आणि डोकं खाजवू लागला. कुंकू त्या घासलेल्या रंगात असं शिरलं होतं, की धुऊन, पुसून, पेस्ट लावून, कशानेच गेलं नव्हतं. नुसतं फिकट गुलाबी झालं होतं, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"मॅडम, आधी पांढरा मारतो आणि मग लिहितो," तो म्हणाला. "ही ओळ फार वाकडी गेलीय. सरळ करून देतो."

आई पायरीवर चहा पीत बसली होती. तिने कप खाली ठेवला.

"नको," ती म्हणाली. "हिच्यावरनंच घे. वाकडीच राहू दे."